आवार स्वच्छ आहे

उंबरदरच्या देवळाला पहारेकरी कशाला हवा, हा प्रश्न गावाला पहिल्या दिवसापासून पडलेला होता. चोरून न्यावं असं तिथं काही नव्हतंच. कळस नव्हता, घंटा नव्हती, देवसुद्धा नव्हता. चार खांब, दोन अर्ध्या भिंती आणि भोवतीच्या बिघाभर रानात विखरून पडलेले दगड. असलं देऊळ कुणी उचलून न्यायचं म्हटलं तरी दहा बैलगाड्या लागल्या असत्या, आणि अख्ख्या उंबरदरमध्ये धड बैलगाड्या चारच होत्या. पण सरकारच्या खात्यानं कुठल्याशा कागदावर या देवळाचं नाव घातलं होतं, निळी पाटी रोवली होती. पाटी रोवली म्हणजे पाटीपाशी माणूस बसायला हवा, म्हणून हिलाल वना याला बसवलं होतं.

हिलाल तसा शेतकरीच. गावाच्या उतारावर त्याचं तीन बिघे कोरडवाहू वावर, त्यात बाजरी आणि थोडे मूग. एकोणसत्तर साली खात्याचा माणूस गावात आला तेव्हा सातवी शिकलेला आणि भरदुपारी घरी सापडलेला असा हा एकच गडी होता, त्यामुळे नोकरी त्याच्या गळ्यात पडली. सोबत एक खाकी सदरा, एक शिट्टी आणि एक शेरेबुक मिळालं. शिट्टी शेळ्या हाकलायला होती. शेळ्यांना ती शेवटपर्यंत कळली नाही. शेरेबुकात मात्र जो कोणी साहेब तपासणीला येईल त्यानं दोन ओळी लिहून सही करायची असे, आणि त्या दोन ओळींवर हिलाल पुढची दोन वर्षं जगत असे.

तिथं येणं सोपं नव्हतं. साक्रीहून निघालेली बस फाट्यावर सोडायची आणि तिथून दीड कोस चालायचं, तेही नाल्यातून. अजिंठा बघायला निघालेली माणसं जळगावला उतरत आणि तिकडच्या तिकडे परत जात. आग्रा रोडनं धावणाऱ्या गाड्या सोनगीरचा किल्लासुद्धा खिडकीतूनच बघतात, तर त्या उंबरदरला कशाला येतील? वर्षाकाठी पन्नास-साठ माणसं यायची. त्यांतली निम्मी वाट चुकलेली असत. उरलेल्यांत दोन-चार कॉलेजातले मास्तर, एखादा फोटो काढणारा, आणि गुप्तधनाच्या नादानं लिंबू-टाचण्या घेऊन फिरणारे काही उद्योगी. या शेवटच्यांना हिलाल लांबूनच ओळखायचा. ते देवळाकडे न बघता जमिनीकडे बघत यायचे.

आलेल्यांना मागच्या डोंगरातल्या खोल्याही बघायच्या असत. कातळात खोदलेल्या दोन अंधाऱ्या खोल्या, आत झोपायला ओटे, आणि दाराशी पावसाचं पाणी साठवायचं टाकं. गाव त्यांना पांडवांची घरं म्हणे. तिथं बुद्धाचे भिक्षू पावसाळ्यात राहायचे, असं एका मास्तरांनी हिलालला सांगितलं होतं. देवळाच्याही हजार वर्षं आधी. हिलाल प्रत्येकाला ते सांगायचा, प्रत्येकाबरोबर तो चढ चढायचा आणि उतरताना गुडघे धरून उतरायचा. आधी पाहुणा दमायचा, मग हळूहळू दोघं सारखे दमायला लागले, आणि शेवटच्या काही वर्षांत तर पाहुणाच वर थांबून म्हणायचा, "बाबा, सावकाश या."

असा हा माणूस. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं एकच घडलं, आणि तेही त्यानंच घडवलं.

एक्क्याऐंशी सालच्या माघात टिपणीससाहेब आले. तोवरचे साहेब जीपमधून उतरत, पाटी वाचत, शेरा लिहीत आणि ऊन चढायच्या आत धुळ्याला पोचत. टिपणीस मात्र अकरा दिवस राहिले, गावच्या शाळेत पथारी टाकून. हिलालची बायको भिकुबाई त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा करून घालायची. पहिल्या दिवशी साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, चौथ्या दिवशी ते ठेचा मागून घ्यायला लागले. दिवसभर साहेब, त्यांचा एक मदतनीस आणि हिलाल दगडांमधून फिरायचे. हिलालच्या हातात फितीचं एक टोक. मदतनीस प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगानं आकडा घालायचा आणि साहेब एका मोठ्या कागदावर तो दगड जिथल्या तिथं काढायचे. साहेब आणि मदतनीस आपसांत इंग्रजीत बोलत. हिलालला त्यातलं काही कळत नसे, पण फीत कशी ताणून धरायची ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

अकराव्या दिवशी कागदाची गुंडाळी झाली. तीनशे बारा दगड भरले. टिपणीस कट्ट्यावर बसून म्हणाले, "हिलाल, तुला एक सांगतो. देऊळ पडलंय, पण त्याचे दगड कुणी नेलेले नाहीत. सगळे इथंच आहेत. हे देऊळ पुन्हा उभं राहू शकतं. शिखरासकट."

हिलालला आधी ते खरंच वाटेना. लहानपणी त्यानं त्याच दगडांवर बसून गुरं राखली होती. देऊळ म्हणजे पडलेलं, असंच तो जन्मल्यापासून बघत आला होता. ते उभं राहू शकतं हे म्हणजे म्हातारा पुन्हा तरणा होईल असं कुणी सांगावं तसं.

"कधी, साहेब?"

"मंजुरी मिळाली की. मी पाठपुरावा करतोय. तू फक्त नीट सांभाळ. आवार स्वच्छ ठेव. मी येतोच."

संध्याकाळी त्यानं भिकुबाईला सांगितलं. ती चुलीपाशी होती. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, "मंग आपला वावरमाईन कळस दिसी का?"

"दिसी," हिलाल म्हणाला. त्या दिवसापासून हिलालला आयुष्यात दुसरं काही नको झालं. आपण पेन्शनीत जायच्या आत वावरात उभं राहून कळस बघायचा, एवढंच. पेन्शनीला अजून चौदा वर्षं होती. चौदा वर्षांत तर राम वनवासातून परत येतो.

त्यानं ते गावभर सांगितलं, ही त्याची पहिली चूक. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे गावाला माहीत होतं. दोन वर्षं गेली, तीन गेली. फाट्यावर रुपचंदचं चहाचं दुकान होतं, आणि रुपचंदच्या जिभेला हाड नव्हतं. हिलाल बसची वाट बघत उभा दिसला की तो भांडं खळबळत ओरडायचा, "काय हिलालभाऊ, उठनं का तुन्हं देऊळ?"

"साहेब येतीन. सांगेल शे त्यासनी," हिलाल म्हणायचा.

"ते निजेल शे रे बाप्पा, निजू दे त्याले."

लोक हसायचे. हिलालही हसायचा, पण घरी येईपर्यंत ते हसू त्याला पुरत नसे.

चौऱ्याऐंशी साली दुसरे एक साहेब तपासणीला आले. पांढरे आकडे तोवर पावसानं पुसट झाले होते, काही नुसते फराटे उरले होते. साहेबांनी त्या फराट्यांकडे बोट केलं. "हे दगडांवर कुणी रंग फासलाय? काढून टाक ते. विद्रूप दिसतं." हिलालनं सांगून बघितलं की हे टिपणीससाहेबांचे आकडे आहेत. साहेब जीपकडे निघालेच होते. "त्यांच्याकडे कागद असेल ना? मग?" हे बोलणं हिलालला पटलं. कागद आहेच. त्यानं पुढचा महिनाभर वाळू आणि काथ्या घेऊन तीनशे बारा दगड घासले. पुढच्या तपासणीला शेरा आला: 'आवार स्वच्छ आहे. पहारेकरी हजर व दक्ष.' त्या 'दक्ष'चा अर्थ त्यानं शाळेतल्या गुरुजींना विचारला आणि घरी येऊन भिकुबाईला सांगितला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. खानदेशात जमीन बघायला आलेला माणूस आधी पीक बघत नाही, बांध बघतो. उन्हाळ्यात नांगरायच्या आधी घरचे सगळे वाकून वावरातले दगड वेचतात आणि बांधाला नीट रचून ठेवतात. ज्याच्या वावरात दगड पडलेले दिसले तो आळशी, त्याच्या पोराला कुणी मुलगी देत नाही. हिलालचा बाप वना मरताना बोलू शकत नव्हता, तरी त्यानं खुणेनं विचारलं होतं की दगड वेचले का. या बापाचा हा मुलगा रोज सकाळी आठ वाजता देवळावर यायचा आणि बिघाभर रानात चौफेर पसरलेले दगड बघायचा. साहेबांनी आवार स्वच्छ ठेवायला सांगितलंय. साहेब कधीही येतील. त्यांनी येऊन हे असं बघायचं?

पंच्याऐंशीच्या चैत्रात त्यानं पहिला दगड उचलला.

लहान दगड त्यानं हातांनी नेले. मोठे पहारीनं उचकटून, खाली लाकडाचे ओंडके घालून सरकवत नेले, दिवसाला हातभर, कधी दोन हात. कुणी मदतीला नव्हतं आणि त्यानं मागितलीही नाही. पश्चिमेच्या कुंपणाला लागून त्यानं ओळी लावल्या. आणि नुसत्या ओळी नाहीत. भुईमूग, मूग, मिरच्या जशा वेगळ्या वेगळ्या ठेवतात तसं त्यानं जातीला जात लावली. हत्तींची एक ओळ. फुलांची एक. नाचणाऱ्या बायांची एक, त्यांत हात तुटलेल्या मागे आणि साबूत पुढे. ज्यांच्यावर काहीच कोरलेलं नाही अशा बिचाऱ्या दगडांची सगळ्यात शेवटी, उंचीनुसार. तीन वर्षं तो हे करत होता. दोनदा त्याची बोटं चेचली, आणि एकदा कंबर अशी धरली की आठ दिवस भिकुबाईनं शेकली. पण मधल्या जागेत जेव्हा पहिल्यांदा नुसती सपाट माती दिसली, झाडलेली, सडा घातलेली, तेव्हा त्याला बापाची आठवण आली आणि फार बरं वाटलं.

सगळ्यात शेवटी एक दगड राहिला होता. कडुनिंबाखाली पडलेला, चांगला दोन माणसं बसतील एवढा चपटा, वर अर्धं कमळ. भिकुबाई रोज दुपारी फडक्यात भाकर घेऊन यायची ती त्या दगडावर बसायची. हिलाल जेवायचा, ती गावातलं सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं काय उत्तर दिलं, वावरात मूग कसे आहेत. घरी सासू होती, पोरं होती, गुरं होती, तिथं नवराबायकोचं बोलणं व्हायचं ते मिठामिरचीपुरतं. जे काही बोलणं झालं ते अठरा वर्षं त्या दगडावर झालं. हे दोघांनाही माहीत होतं, पण कुणी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं.

फुलांच्या ओळीत शेवटची एक जागा रिकामी दिसत होती. अठ्ठ्याऐंशीच्या फाल्गुनात हिलालनं तो दगड हलवला. दुपारी भिकुबाई आली, निंबाखाली उभी राहिली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"तुम्हीन कसाले उचला हाऊ धोंडा?"

"साहेब येतीन. तो एकच राह्यना व्हता."

"आते मी कोठे बठू?"

"खाले बठ ना. जमीन काय कमी शे का?"

ती खाली बसली. चार-सहा दिवस बसली. तिचेही गुडघे आता बोलायला लागले होते. बसताना एक हात जमिनीला टेकवायचा, उठताना निंबाचं खोड धरायचं. मग एके सकाळी तिनं भाकर फडक्यात बांधून त्याच्याच हातात दिली. "संगेच लई जा," म्हणाली. "तठे माले बठाले जागाच नही राह्यनी." हिलालनं ते फडकं घेतलं. बरंच झालं, तिची खेप वाचली, असं त्याला वाटलं. तो त्या दुपारी ओळींकडे तोंड करून एकटाच जेवला, आणि पुढची सात वर्षं तसाच जेवला.

लोक मात्र खूश व्हायला लागले. मास्तर आले की म्हणायचे, वा, काय मांडलंय. फोटो काढणारा हत्तींच्या ओळीपुढे आडवा झोपून फोटो काढायचा. शेरेबुकात दर तपासणीला तेच यायला लागलं: 'आवार स्वच्छ आहे.' 'आवार अत्यंत स्वच्छ आहे.' एकदा तर 'इतरांनी आदर्श घ्यावा' असंही आलं. ते वाक्य हिलालनं फाट्यावर जाऊन रुपचंदला वाचून दाखवलं. रुपचंदनं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत, पण विचारलंच, "मंग उठनं का?"

पंच्याण्णवच्या माघात, हिलालच्या पेन्शनीला सव्वा महिना उरला असताना, नाल्यातून जीप आली. ती पाटीपाशी थांबली आणि आतून काठी टेकत एक म्हातारा उतरला. हिलालनं त्याला ओळखलं नाही. त्याच्या काखेतली कागदाची गुंडाळी मात्र ओळखली. तीच होती, कडा पिवळ्या पडलेली, वर तोच निळा दोरा.

"आलो रे बाबा," टिपणीस म्हणाले. मग बराच वेळ धापा टाकत उभे राहिले. मध्ये त्यांचं छातीचं ऑपरेशन झालं होतं. जूनमध्ये तेही निवृत्त होणार होते. "चौदा वर्षं फाइल फिरली. आता मंजुरी मिळालीय. मार्चच्या आत कामाला हात लागल्याचं दाखवलं की पक्कं. नाही दाखवलं तर जाईल दुसरीकडे." असं म्हणत ते फाटकातून आत आले.

हिलाल पुढे झाला. चौदा वर्षं त्यानं हा क्षण मनात जितक्या वेळा बघितला होता त्यात साहेब आत येऊन थांबत, मग ओळींकडे बघत, मग त्याच्या पाठीवर हात ठेवत. साहेब थांबले. ओळींकडे बघितलं. मग मधल्या झाडलेल्या मोकळ्या मातीकडे बघितलं, आणि परत ओळींकडे.

"हिलाल," ते म्हणाले, "दगड कुठं गेले?"

"बठ्ठा आठेच शेतस, साहेब. एक बी गया नही. मोजी ल्या." हिलालनं हात फिरवून सगळ्या ओळी दाखवल्या.

साहेबांनी काठी सोडली आणि ते जमिनीवर बसले. ड्रायव्हर मोतीलाल पाणी घेऊन धावला. हिलालला वाटलं, छातीचं दुखणं. पण साहेब पाणी पिऊन म्हणाले, "कुणी सांगितलं तुला हे करायला?"

हिलालचा आवाज बारीक झाला. "तुम्हीनच सांगेल व्हतं, साहेब. आवार स्वच्छ ठेव, म्हनीसन."

टिपणीसांनी गुंडाळी सोडली, कागद जमिनीवर पसरला, त्याच्या चार कोपऱ्यांवर मोतीलालनं चार खडे ठेवले. मग ते सावकाश सांगायला लागले, लहान मुलाला सांगावं तसं. देऊळ पडतं तेव्हा वरचा दगड लांब जातो, खालचा जवळ पडतो. कुठला दगड कुठं पडला, कुणाशेजारी पडला, त्यावरून तो वर कुठं बसला होता ते कळतं. पडलेल्या दगडांतच देऊळ लिहिलेलं असतं. ते आम्ही या कागदावर उतरवून घेतलं होतं आणि दगडावर आकडा घातला होता, कागदावरचा कुठला आणि जमिनीवरचा कुठला हे समजावं म्हणून. आता आकडे नाहीत आणि जागाही नाहीत. "हत्ती, बाया ओळखू येतील, पंधरा-वीस. बाकीचे तीनशे?"

हिलाल उभा होता. त्याला सगळं कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच, चौदा वर्षांपूर्वी कुणी मराठीत सांगितलं असतं तर तेव्हाही कळलं असतं. पण टिपणीसांच्या डोक्यात ते सांगायचं आलंच नाही. कुणी माणूस तीनशे दगड एकट्यानं उचलून ठेवील, हे शहरातल्या माणसाला सुचत नाही. आणि पडलेला दगड तसाच पडू द्यायचा असतो, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला सुचत नाही.

"माले याद शे, साहेब," तो एकदम म्हणाला. "मी सांगस. माले बठ्ठं याद शे."

मग दुपारभर ते चाललं. हिलाल एकेका दगडापाशी जायचा, हात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मोकळ्या मातीत जाऊन उभा राहायचा. "हाऊ आठे व्हता." मोतीलाल दगडाची लांबी-रुंदी मोजायचा, साहेब कागदावर त्या ठिकाणचा दगड बघायचे. पहिला जुळला नाही. तिथं कागदावर दुप्पट मोठा दगड होता. दुसऱ्याच्या जागी कागदावर काहीच नव्हतं. तिसरा, चौथा. पाचव्याच्या वेळी हिलाल इतका ठामपणे बोलला की साहेबांनी दोनदा मोजायला लावलं. नाही. सहावा नाही. सातव्याला तो मधल्या जागेत आला आणि नुसता गोल फिरत राहिला. ती जागा त्यानं इतक्या वेळा झाडली होती की तिच्यावर कुठलीच खूण उरली नव्हती. आपल्याच वावरात वाट चुकलेल्या माणसासारखा तो मध्येच थांबला.

"राहू दे," टिपणीस म्हणाले. "चूक माझी आहे."

साहेबांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर हिलालला सोसलं असतं. तो ओळींकडे बघायला लागला. बायांच्या ओळीतली एक हसत होती, ती त्याला नेहमी आवडायची. आज त्याला तिच्याकडे बघवेना. मग त्याची नजर फुलांच्या ओळीच्या टोकाला गेली.

"साहेब, एक शे," तो म्हणाला.

त्यानं अर्ध्या कमळाच्या दगडावर हात ठेवला नाही आणि डोळेही मिटले नाहीत. सरळ निंबाखाली गेला, खोडापासून तीन पावलं मोजली आणि टाच रोवली. "ही बाजू डोंगरकडे. कमळ हाऊ अंगे. आठे उजव्या हातले थोडा खाले दबेल व्हता, मनी बायको तठे पाय टेकाडे."

मोतीलालनं मोजलं. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं, पुन्हा मोजायला सांगितलं, चष्मा पुसला. मग खिशातून पेन्सिल काढली आणि कागदावर एका जागी बारीकशी खूण केली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वितीचासुद्धा फरक नाही. मंडपाच्या छताच्या मधोमधचा दगड हा. दोनशे सात." जरा वेळानं त्यांनी विचारलं, "हा एकच कसा लक्षात राहिला?"

हिलालला आत्ता, सात वर्षांनी कळत होतं की त्या दिवशी भिकुबाई निंबाखाली उभी राहून इकडेतिकडे काय बघत होती. देऊळ गेलं ते गेलंच. पण तिची खेप वाचली असं आपल्याला वाटलं, याची त्याला त्या क्षणी भयंकर लाज वाटली.

ऊन कलल्यावर साहेबांनी कागद गुंडाळला. निळा दोरा मोतीलालनं बांधला. मंजुरी परत पाठवायचं पत्र धुळ्याला गेल्यावर लिहीन, असं ते मोतीलालला म्हणाले, हिलालला नाही. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी शेरेबुक मागितलं. हिलालनं आणून दिलं. साहेबांनी मागची पानं चाळली. आवार स्वच्छ आहे. आवार अत्यंत स्वच्छ आहे. त्यांनी पेन उघडलं, आणि पहारेकऱ्याच्या पेन्शनीला बाध येईल असं काही लिहायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी 'आवार' एवढा शब्द लिहिला.

"तेवढं नका लिखू, साहेब," हिलाल म्हणाला.

टिपणीसांनी वर बघितलं. मग तो शब्द खोडला, खाली नुसती तारीख घातली आणि सही केली. जीप नाल्यात उतरून दिसेनाशी होईपर्यंत हिलाल पाटीपाशी उभा होता.

मग त्यानं पहार आणि ओंडके काढले. साठीला टेकलेला माणूस आणि दोन माणसं बसतील एवढा दगड. त्या संध्याकाळी तो दहा हात सरकला. दुसऱ्या दिवशी पंधरा. कंबर मोडून आली, चेचलेल्या बोटांची जुनी ठणक परत सुरू झाली. येणाऱ्याजाणाऱ्या गुराख्यांनी विचारलं, देऊळ उठतंय का, तर तो दगडाखाली पुढचा ओंडका घालत राहिला. पाचव्या दिवशी दगड निंबाखाली पोचला. हिलालनं कमळ बरोबर त्या अंगाला केलं आणि उजवीकडे पहारीनं थोडी माती काढली, पूर्वीइतकी. बसून बघितलं. मग तीनशे अकरा दगडांकडे पाठ करून घरी गेला.

भिकुबाई परातीत पीठ मळत होती.

"महिनाभर," हिलाल म्हणाला, "दुपारनी भाकर तठेच लई येत जाय."

तिनं वर न बघता विचारलं, "बठाले जागा शे का?"

"एक शे," हिलाल म्हणाला.